कॉम्प्रेसरवरचं बी

विलास, तुझी फुलं अजून आहेत. कारखान्यात, बॉयलर-कॉम्प्रेसरच्या युटिलिटी खात्यामागे, कूलिंग टॉवरचं पाणी उडणार नाही एवढं अंतर राखून, जुलैत तू ज्या गादीवाफ्यांवर रोपं लावलीस तिथेच. सगळी जांभळी ॲस्टर. तू गेलास तेव्हा नुसत्या कळ्या होत्या. तुझ्या दहाव्याला पहिलं फूल उमललं. आता दिवाळी होऊन गेली, कडेची फुलं सुकायला लागलीत, आणि मी रोज शिफ्ट सुटली की तिथे जाऊन उभा राहतो. पाणी घालतो, तुला दोन शिव्या देतो आणि घरी जातो.

कंपनीने तुझ्यासाठी शोकसभा घेतली. मला बोलायला सांगितलं, कारण एकवीस वर्षं आपण एका खात्यात होतो. तू बॉयलर बघायचास, मी कॉम्प्रेसर. डबा एकत्र, बाग एकत्र, भांडणं तर एकत्रच. मी जागेवरून उठलोच नाही. सगळ्यांना वाटलं, प्रभाकरला दुःखाने बोलवत नाही. बोलवत नव्हतं, पण रागाने. आदल्याच दिवशी सुनीता वहिनींनी मला तो डबा दिला होता.

बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यावर तुमचं नाव आहे. गच्चीवरच्या कपाटात मिळाला. मी उघडला नाही." खरंच, चिकटपट्टीवर तुझं ते इंजिनीअरी अक्षर, 'प्रभाकर'. मला वाटलं, बघा, जाता जाता माझ्यासाठी काहीतरी ठेवून गेला पठ्ठ्या. स्कूटरवर पायांच्या मधे डबा ठेवून मी तुझ्या घरापासून माझ्या घरापर्यंत रडत आलो. तुझ्या लतावहिनीने विचारलं, काय आहे त्यात. मी म्हटलं, विलासने दिलंय, आधी हातपाय धुऊन येतो.

आत सात पेपर ट्यूब निघाल्या. आपल्याच कारखान्यातल्या, सूत गुंडाळायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या. दोन्ही तोंडांना कागदाचे बोळे, आणि प्रत्येकीवर माझं अक्षर, 'आईचं बी'. सात वर्षं दर मे महिन्यात मी तुझ्या हातात दिलेल्या सातही नळ्या. सगळ्या तशाच भरलेल्या. प्रत्येकीला रबरबँडने एक चिठ्ठी लावलेली, तुझ्या लॉगबुकातल्यासारखी: 'ओल्या फडक्यात शंभर दाणे. बारा दिवस. उगवण शून्य.' सातही चिठ्ठ्यांवर शून्य. आणि डब्याच्या तळाशी नाशिकच्या दुकानातली बियाण्याची पाकिटं, कात्रीने सरळ कापलेली, आत एक दाणा न राहिलेली.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मला तुझ्याबद्दल बोलायचंच नाहीये. मला तुझ्याशी भांडायचंय. एवढी वर्षं भांडलो, आता का थांबू?

आठवतंय ना, हे सुरू कसं झालं? आठ वर्षांपूर्वी आई गेली. साक्रीजवळच्या आमच्या गावाहून तेरावं उरकून मी परत आलो, तेव्हा तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात एक गाठ बांधून आणली होती. धुण्याच्या दगडापाशी तिचा हातभर लांबीचा वाफा असायचा. कपडे खंगाळलेलं शेवटचं नितळ पाणी ती पायाने त्या वाफ्याकडे वळवायची. त्यात ॲस्टर. बारीक फूल, फिकट जांभळं, पाकळ्यांची एकच रांग आणि मधे मोठा पिवळा डोळा. गावातल्या बायका म्हणायच्या, यापेक्षा झेंडू लाव, निदान तोरणाला तरी होईल. आई हसायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच लावायची.

ती गाठ तू सोडलीस, चार दाणे तळहातावर घेतलेस आणि म्हणालास, "ॲस्टरचं बी फार टिकत नाही, प्रभाकर. यंदाच लावून टाकू." पेरायला मी पुढे झालो तर माझा हात धरलास. "तुझा हात पान्याचा आहे. तू पेरलंस तर बी पाताळात जाईल." म्हणून पेरणी तुझ्याकडे आली. तुझ्या गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली ट्रे, त्यात चाळलेली माती आणि शेणखत, वर बोटाच्या चिमटीने भुरभुरवलेलं बी. पावसाने झोडपू नये म्हणून प्लास्टिकचं छप्पर. रोपं बोटभर झाली की ती इथे आणायची, उंच वाफ्यांवर लावायची, कारण सिल्वासाचा पाऊस सपाट जमिनीत एक मूळ जिवंत ठेवत नाही. हे सगळं तूच मला शिकवलंस. मी आधी फूल म्हणजे बाजारातून आणायची वस्तू समजायचो.

पहिल्या वर्षी आईची फुलं आली. अगदी तीच. दसऱ्याला तिच्या फोटोला वाहण्याआधी मी इथेच कॉम्प्रेसर रूमच्या मागे जाऊन रडलो होतो आणि तू मला डिझेलचा वास येणारा रुमाल दिला होतास. तो दिवस खरा होता. त्या दिवसाबद्दल माझी काही तक्रार नाही.

मग मी माझी अक्कल चालवली. चांगली सहा फुलं झाडावरच वाळू दिली, बी काढलं, पेपर ट्यूबमध्ये भरलं. आता ठेवायचं कुठे? इथल्या दमट हवेत काड्यापेटी पेटत नाही, मिठाचं पाणी होतं, चपलांना बुरशी येते. सगळ्या गावात कोरडी जागा एकच, माझ्या कॉम्प्रेसरच्या वरची फळी. बारा महिने तिथे हात ठेवला तर गरम लागतं. मी खूश झालो. नोव्हेंबर ते मे, ते बी मी तिथे ठेवलं. जगात दुसऱ्या कुठल्या माळ्याला असली जागा सुचली नसती, आणि ते बरंच आहे, कारण मी तिथे दरवर्षी बी भाजत होतो.

हे मला आता रमणने, आपल्या कंपनीच्या जुन्या माळ्याने सांगितलं. तू सांगायला हवं होतंस.

पहिली नळी मी तुला दिली त्यानंतर बाराव्या दिवशी विचारलं, "काय भो, उगवलं का?" तू बॉयलरच्या काचेत पाण्याची पातळी बघत होतास. वळला नाहीस. म्हणालास, "आलं ना. सगळं आलं." तो तुझा पहिला खोटा शब्द. मला आता कळतंय की तू वळला का नाहीस. त्या रविवारी तू नाशिकला भाचीच्या साखरपुड्याला गेला होतास ना? येताना पाकीट आणलंस. ट्रेमध्ये उगवलं ते त्या पाकिटातलं.

एकदा मात्र तू प्रयत्न केला होतास, ते मी नाकारत नाही. तिसऱ्या की चौथ्या वर्षी म्हणालास, "बी माझ्याकडे दे. बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवतो." मी भडकलो. "माझ्या आईचं बी तुझ्या घरात दह्याशेजारी ठेवू? दे इकडे!" तू हात वर केलेस आणि विषय संपला. मी चिडका आहे, सगळ्या प्लँटला माहीत आहे. माझ्या या स्वभावामुळेच तू गप्प राहिलास, असं वहिनी म्हणाल्या. असेल. पण एकवीस वर्षं त्याच स्वभावाबरोबर डबा खाल्लास की. मिरचीच्या ठेच्यावरून माझ्याशी तासभर भांडायची तुझी तयारी असायची. रोपाचा शेंडा खुडावा की नाही, यावरून आपण आठ पावसाळे भांडलो. रोप वीतभर झालं की तू निर्दयपणे नखाने शेंडा तोडायचास, म्हणायचास, त्याशिवाय फांद्या फुटत नाहीत. माझा हात व्हायचा नाही. शेवटी अर्धा वाफा तुझ्या पद्धतीने, अर्धा माझ्या. तुझ्याकडे फुलं जास्त, माझ्याकडे मोठी, आणि कोण जिंकलं ते कधीच ठरलं नाही. यंदा तू सगळ्याच रोपांचे शेंडे खुडलेस. मी म्हटलं, माझा अर्धा वाफा? तू म्हणालास, "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी सगळा तुझा." ते भांडण तसंच राहिलं.

आणि ज्या वर्षी मी हट्टाने पुन्हा त्याच जागेवर रोपं लावायला लावली, त्या वर्षी मर लागली. तू सांगत होतास की एकाच मातीत लागोपाठ ॲस्टर चालत नाही, जागा बदल. मी ऐकलं नाही. कळ्या धरलेली उभी झाडं पंधरा दिवसांत माना टाकून बसली. तू एका शब्दाने बोलला नाहीस. एकेक झाड मुळासकट उपटलंस, पोत्यात भरलंस, लांब नेऊन जाळलंस आणि येऊन मला चहा पाजलास. तेव्हा मला वाटलं होतं की असा मित्र मिळायला नशीब लागतं. आजही वाटतं, हाच तर त्रास आहे.

फुलं बदलली होती, विलास. दुसऱ्या वर्षापासूनच. आईचं फूल फिकट होतं, हे गडद. आईच्या फुलाला पाकळ्यांची एक रांग आणि पिवळा डोळा. हे भरगच्च, डोळा पाकळ्यांत बुडालेला. मी विचारलं तर तू म्हणालास, खतपाण्याचा गुण. आणि मी, ज्याला बेअरिंग गेल्याचं नुसत्या आवाजावरून कळतं, त्याने ते मान्य केलं. शेणखताने पाकळ्यांच्या रांगा वाढतात, हे मी आनंदाने मान्य केलं. कारण मला आवडलं ते. आईच्या हातभर वाफ्यातलं फूल माझ्या हाताने एवढं मोठं झालं, हे मी कारखानाभर सांगत सुटलो. तेवढा माझा दोष आहे, तो मी घेतो.

उन्हाळ्यात तू उघड उघड पाकिटातलं लावायचास. जानेवारीत पेरणी, वर हिरवी जाळी, बुडाशी भाताचा पेंढा, आणि एप्रिलच्या उन्हात जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं. उन्हाने आकार लहान राहायचा. मी चिडवायचो, "तुझं बाजारचं फूल बघ, बटणाएवढं. पावसाळ्यात माझ्या आईचं बघ." तू हसायचास. काय वाटायचं रे तुला हसताना? एकाच पाकिटातलं जांभळं तू दोन्ही वेळा लावत होतास.

हे एका माणसाने ओळखलं. रमणभाई. खानवेलहून पहिल्या बसने यायचा, कॉन्ट्रॅक्टरकडून कंपनीची बाग बघायचा आणि आपल्या वाफ्यातलं तणही न सांगता काढायचा. पहिल्या वर्षापासून तो होता. आईची फुलं त्याने पाहिली होती.

तीन वर्षांपूर्वीची खंडेनवमी. दरवर्षीसारखी मशीनची पूजा. बॉयलरला, कॉम्प्रेसरला, पंपांना आपल्याच ॲस्टरचे हार. नवे मॅनेजर साहेब पुण्याहून आलेले, त्यांना मी हार दाखवत होतो. "साहेब, हे बी माझ्या आईचं. पाच वर्षं जपलंय." रमण बाजूला नारळ सोलत होता. तो सहज बोलला, वाईट हेतूने नाही. "प्रभाकरभाई, बुरा मत मानो, पण आईचं फूल ते वेगळं होतं. हे तर उन्हाळ्यात लावतात तेच हाय. एकच जात."

साहेब हसले. बस, तेवढं पुरलं मला.

मी काय बोललो ते मला इथे लिहवत नाही, पण तुला सगळं पाठ असणार. तुला काय कळतं, असं म्हणालो. गवत कापणारा तू, माझ्या आईच्या फुलाची परीक्षा करतोस, असं म्हणालो. त्याहून वाईटही म्हणालो. रमणने नारळ खाली ठेवला आणि तो तुझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडे नाही, तुझ्याकडे. मला तेव्हा वाटलं, मदतीसाठी बघतोय. आता कळतंय की तो वाट बघत होता. तू हाराची गाठ बांधत होतास. बॉयलरच्या व्हॉल्व्हला तो हार आधीच बांधलेला होता, तू पुन्हा सोडून पुन्हा बांधलास. एक शब्द बोलला नाहीस. मी कॉन्ट्रॅक्टरला बोलावून सांगितलं, उद्यापासून हा माणूस मला इथे दिसता कामा नये. सोमवारपासून तो दिसला नाही.

माझ्याशी खोटं बोललास, ते एक सोडून दे. दुःखात असलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून लोक खोटं बोलतात. पण त्या दिवशी एका माणसाची रोजी माझ्या तोंडून जात होती आणि तू गाठ बांधत होतास. एकच वाक्य लागत होतं. 'प्रभाकर, त्याचं खरं आहे.' मला चारचौघांत लाज वाटली असती. वाटायलाच हवी होती.

डबा उघडल्यावर आठ दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. लता म्हणाली, "मेलेल्या माणसावर एवढं चिडी राहिले, जित्या माणसाकडे कधी जाशात?" तिला सगळं सांगितलं होतं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी खानवेलला गेलो. पत्ता विचारत विचारत गेलो. तीन वर्षांत एकदाही त्याचं घर कुठे आहे हे मी कोणाला विचारलं नव्हतं.

रमण अंगणात बाज विणत होता. मला बघून उठला, आत गेला, पाणी घेऊन आला. बसा म्हणाला.

"विलाससाहेब गेले ते कळलं," तो म्हणाला. "मी आलो होतो स्मशानात. लांब उभा होतो. तुमी रडत होते, मग जवळ नाय आलो."

मी म्हटलं, "रमणभाई, तुमचं खरं होतं. ते फूल आईचं नव्हतं. मी तुमची माफी मागायला आलोय."

"ते तर तुमाला तीन वरसापासून माहीत हाय ना?"

"मला कसं माहीत असणार? मला आत्ता कळलं, डब्यातून."

"विलाससाहेब बोलले नाय तुमाला?"

आणि मग त्याने सांगितलं. त्या खंडेनवमीनंतरच्या रविवारी तू तिथे गेला होतास. त्याच बाजेवर बसलास, हात जोडलेस, सगळं सांगितलंस. आणि त्याने तुला उठवून घराच्या मागे नेलं. पाण्याच्या रांजणाशेजारी.

मलाही त्याने तिथे नेलं. रांजणाशेजारी हातभर वाफा होता, विलास. त्यात आईची फुलं होती. फिकट जांभळी. एक रांग पाकळ्या. मधे पिवळा डोळा.

पहिल्या वर्षी तुला विचारून त्याने दोन वाळलेली फुलं नेली होती. तू विसरला असशील. त्याने नाही विसरलं. दरवर्षी लावलं, दरवर्षी ताजं बी धरलं, राख घालून काचेच्या बाटलीत, घट्ट बुचाखाली, घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं. माझ्या हारातलं फूल खोटं आहे हे त्याला कळलं, कारण खरं त्याच्या घरी उमललेलं होतं. तो मला तेच सांगणार होता. मी त्याला पुढचं वाक्य बोलू दिलं नाही.

"साहेब इथे बसून लई वेळ बघत होते फुलांकडे," रमण म्हणाला. "मग बोलले, प्रभाकरला आजच सांगतो. तो उद्या धावत येईल बघ. मी वाट बघितली. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी. मग साहेबांनी गलोंड्याच्या कंपनीत मला बागेचं काम लावून दिलं. मी समजलो, प्रभाकरभाईला कळलं, पण तो कशाला येईल आमच्या घरी माफी मागायला."

तिथे, विलास, तू समोर असतास तर मी हात उचलला असता.

तीन वर्षं तुला माहीत होतं. माझ्या आईचं फूल जिवंत आहे, स्कूटरने तासाभरावर आहे, हे तुला माहीत होतं. दोन दसरे मी तिच्या फोटोला तुझ्या पाकिटातली फुलं वाहत होतो आणि तू शेजारी उभा राहून हात जोडत होतास. तिकडे तो माणूस मला गर्विष्ठ समजत होता आणि इकडे मी त्याला खोटारडा समजत होतो, आणि आम्हा दोघांच्या मधे तू होतास, दोघांशी गोड. त्याला काम लावून दिलंस, ते चांगलंच केलंस. पण माझी माफी तू माझ्यापासून चोरलीस. ती मागायची होती मी.

मी रमणला म्हटलं, "थोडं बी द्याल?"

त्याने मान हलवली. "बी नाय देणार." रागाने नाही म्हणाला. "तुमी परत मशीनवर ठेवाल."

त्याची बायको दारात उभी होती, ती हसली. मलाही हसू आलं आणि त्याच वेळी रडू. "फूल न्या," रमण म्हणाला. "आईला फूल लागतं ना, बी नाय लागत. दर दसऱ्याला या, घेऊन जा." त्याने चार फुलं खुडून पळसाच्या पानात बांधून दिली. मी ती दोन्ही हातांनी घेतली. माझ्या आईचं बी माझ्यापेक्षा त्याच्या हातात सुखी आहे, हे आठ वर्षांनी तरी मला कळायला हवं.

ती चारही फुलं मी आईच्या फोटोला वाहिली. तुला एक दिलं नाही. द्यावंसं वाटलं, पण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेलो आणि तुझ्या फोटोला तुझ्याच वाफ्यातली फुलं वाहिली, भरगच्च, पाकिटातली. वहिनी म्हणाल्या, "किती छान आलीत हो भाऊजी. तुमच्या आईची ना?" मी म्हटलं, "नाही वहिनी. ही विलासची." माझ्या तोंडून ते निघालं आणि बरं वाटलं. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पदराने फोटोची काच पुसत बसल्या. त्यांनाही तू काही सांगितलं नव्हतंस.

नळ्याही रिकाम्या केल्या. सातांतल्या पहिल्या नळीतलंच बी आईचं होतं. बाकीच्या सहांत तुझ्या पाकिटाची पिलावळ, वर माझ्या अक्षरात आईचं नाव. सगळं वाफ्यात उधळून टाकलं, मेलेलंच होतं. तू ते का जपून ठेवलंस, हे मला अजून कळलेलं नाही. फेकून दिलं असतंस तर मला कधीच पत्ता लागला नसता. कधीतरी डबा पुढ्यात ठेवून सांगणार होतास का? डब्यावर माझं नाव कधी लिहिलंस, पहिल्या वर्षी की परवा? त्या रविवारी खानवेलहून येताना तू माझ्या दारावरूनच आला असशील, दुसरा रस्ताच नाही. थांबला का नाहीस?

मी सांगतो काय झालं असतं. मी आरडाओरडा केला असता. तुला नाही नाही ते बोललो असतो. दोन दिवस डबा वेगळा खाल्ला असता, तुझ्या हाकेला ओ दिली नसती. तिसऱ्या दिवशी चहाला आलो असतो. एकवीस वर्षांत कधी चौथा दिवस उजाडलाय का आपला? तुला माझा राग माहीत होता, विलास, पण माझ्या तिसऱ्या दिवसावर तुझा विश्वास नव्हता. मला लागलंय ते हे. बाकी सगळं मी गिळीन.

आता तुला जाऊन सात आठवडे झाले. माझा राग गेलेला नाही आणि तो कुठे नेऊन टाकायचा तेही कळत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

काल मी वाफ्यातली दहा फुलं निवडली, तुझ्या शेंडा खुडलेल्या झाडांवरची. ती झाडावरच वाळवली होती. रमणला फोन करून विचारत विचारत बी काढलं. काचेची बाटली, तळाशी चाळलेली राख, घट्ट बूच. वर चिकटपट्टी लावली आणि लिहिलं, 'विलासचं बी'. फ्रिज उघडून आत ठेवत होतो तर लता म्हणाली, "आता हे काय ठेवी राहिले? दह्याशेजारी?" मी म्हटलं, हो, दह्याशेजारीच.

जूनमध्ये पेरीन. माझ्याच हाताने, वरवर, पाताळात जाऊ न देता. जागा बदलीन. अर्ध्या झाडांचे शेंडे खुडीन, अर्ध्यांचे नाही. बाराव्या दिवशी रमण येऊन विचारेल, उगवलं का. उगवलं तर दाखवीन. नाही उगवलं, तर त्याच्याकडे वळून, त्याच्या तोंडाकडे बघून सांगीन, नाही उगवलं.

एवढंच तर तू म्हणायचं होतंस रे.